हाताला जे माहितीये ते डोळ्याला कळेल का?

परीक्षांच्या दिवसांत मी अंध मुलांसाठी रायटर म्हणून बसते, म्हणजे ती सांगतात आणि मी उत्तरं लिहिते. यंदा टिळक रोडवरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलीचा पेपर होता, बेल व्हायच्या आधी ती ब्रेल नोट्स वाचत होती, उजवं बोट ओळीच्या शेवटाकडे चाललेलं आणि डावं तोवर खालच्या ओळीची सुरुवात शोधून तयार. काय सफाई! १९९६ मध्येच सादातो या मेंदू-संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा, बघण्याचा म्हणून ओळखला जाणारा भागही कामाला लागतो.

पण अशा माणसाला उद्या दिसायला लागलं तर? हाताने ओळखीचा असलेला ठोकळा नुसता बघून ओळखता येईल? हे १६८८ साली डब्लिनच्या विल्यम मोलिनो यांनी इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून विचारलं होतं, आणि नीट उत्तर मिळालं ते थेट २०११ मध्ये, आपल्याकडच्या मुलांकडून. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे पवन सिन्हा यांचा प्रोजेक्ट प्रकाश आहे, आपल्याकडच्या अंध मुलांवर उपचार करायचे आणि ती बघायला कशी शिकतात ते अभ्यासायचं, त्यात जन्मापासून न दिसणाऱ्या ८ ते १७ वर्षांच्या ५ मुलांची ऑपरेशनं झाली आणि लगेच टेस्ट घेतली. एक ठोकळा द्यायचा, मग दोनातला तोच कुठला ते सांगायचं. दोन्ही वेळा हाताने, तर ९८ टक्के बरोबर. दोन्ही वेळा बघून, ९२. आधी हाताने आणि मग बघून, फक्त ५८, म्हणजे जवळजवळ छापा-काटाच! आणि ज्यांची परत टेस्ट घेतली त्यांना थोड्याच दिवसांत हे जमायला लागलं, कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, नुसतं घरी राहून, वस्तू हाताळत आणि बघत.

२००९ चं सिन्हा आणि सहकाऱ्यांचंच काम मला अजून आवडतं. नव्याने दिसू लागलेल्यांना एकमेकांवर आलेले दोन आकार दाखवले तर त्यांना तुकडेच तुकडे दिसायचे, जिथे रेघ छेदली तिथे वेगळी वस्तू, पण तेच आकार हलवले की लगेच सुटे कळायचे.

म्हणून "आता वय गेलं, ऑपरेशन करून काय उपयोग" असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो. नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही हे खरंय, सगळ्यांना सारखा फायदाही होत नाही, पण शिकायची खिडकी आठव्या वर्षी धाडकन बंद होत नाही. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि मूल दहा-बारा वर्षांचं झालं असेल तरी न्याच.