ज्याला गिऱ्हाईक नाही

पर्यावरणावरच्या कुठल्याही भाषणापेक्षा मला आमच्या कॉलनीतला भंगारवाला जास्त पटतो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवल्या असतील तर घेतो, तेलाचा कॅन, पाण्याच्या बाटल्या, तुटकी बादली, रद्दी सगळं घेतो, आणि वेफर्सचं पाकीट दिसलं की हाताने नुसतं बाजूला सारतो, बोलत पण नाही काही. त्याचं बरोबरच आहे म्हणा. त्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि आतला तो चकचकीत थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं कोणाला परवडतच नाही. शाम्पूच्या पुडीचं तेच. बादली मात्र वितळवून तिचे दाणे होतात, आणि आमच्या जळगावच्या एमआयडीसीत तर जुन्या प्लास्टिकच्या दाण्यांपासून चटया विणायचे कारखानेच आहेत. म्हणजे लग्नाच्या पंगतीत आपण ज्या रंगीत चटईवर बसून जेवतो तिच्यात आपलीच मागच्या वर्षीची बादली असू शकते, काय सांगावं.

हे लक्षात आल्यापासून दुकानात काही उचलताना मी मनात एकच प्रश्न विचारते, हे भंगारवाला घेईल का? तेल घेईल त्या डब्यातलं, दूध घेईल त्या पिशवीतलं (कोपरा मात्र पूर्ण कापून टाकायचा नाही, लोंबता ठेवायचा, तो एवढासा तुकडा वेगळा झाला की कोणाच्याच हाती लागत नाही). केळीचे वेफर्स फरसाणवाल्याकडून सुटे, घरच्या डब्यात. शाम्पू बाटलीतून. एवढ्यानेच निम्मा तरी सुका कचरा कमी झाला.

खरी कसोटी शेवभाजीची. खान्देशात पार्सल म्हटलं की शेवभाजी, आणि शेवभाजी म्हटलं की उकळता तर्रीदार रस्सा एका पातळ पिशवीत, वर गाठ, आणि घरी येईपर्यंत ती पिशवी हातात नुसती थरथरतेय. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या प्लेटी, चमचे, स्ट्रॉ वगैरेंवर बंदी आली, तरी ही पिशवी काही हलली नाही जागची. मी स्टीलचा कडीचा डबा घेऊन जाते. पहिल्यांदा हॉटेलवाला म्हणाला, ताई, रस्सा सांडला तर माझ्या नावानं बोंबलू नका बरं. आता डबा दिसला की एक पळी जास्तच टाकतो, कारण पिशवीत त्याला अंदाज असतो आणि डब्यात नसतो. हा फायदा कुठल्याच पोस्टरवर लिहिलेला नसतो! आणि हो, लग्नात ओटीबरोबर मिळतात त्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या, त्या पण बऱ्याचदा प्लास्टिकच्याच असतात, पॉलिप्रॉपिलीनच्या. जुन्या साडीची पिशवी ती खरी.

अन्नाचं जरा अवघड आहे, कारण त्याला भंगारवाला नाही. गावी सासरच्या घरी उरलंसुरलं म्हणजे गोठ्यात, विषय संपला. भरताची पार्टी शेतात व्हायची, वांगी काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, केळीच्या पानावर कळण्याची भाकरी, आणि शेवटी पान सुद्धा गाय खायची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गाय कुठून आणू? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. सालं-देठं धरून का असेना, पण चार माणसांचं घर म्हणजे दोन क्विंटलच्या वर. शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगून बघा दोन क्विंटल फेकले म्हणून. आणि ते कचरा डेपोत ढिगाखाली हवेशिवाय सडलं की मिथेन सुटतो तो वेगळाच.

त्यात आमच्याकडे केळी. रावेर-यावलकडून कोणी पाहुणा आला की दोन फण्या आणणारच, आणि शेजारी द्याव्यात तर त्यांच्याकडे पण कोणीतरी आणलेल्या असतात. जळगावात केळी वाटायला निघालेल्या माणसाइतकं केविलवाणं कोणी नसेल. मग फण्यांमधली केळी सुटी करून ठेवायची, टोमॅटो-सफरचंदापासून लांब, कारण पिकणाऱ्या फळातून निघणारा वायू बाकीच्यांनाही पिकवतो. फार पिकली तर सोलून फ्रीजरमध्ये. बाकी उरलेलं वरण कणकेत मळायचं, शिळ्या भाकरीचा फोडणी देऊन कुस्करा, कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात, मेथी स्वस्त असली की जास्त आणून वाळवायची. पंचेचाळीस डिग्रीचं ऊन काय फक्त घाम गाळायला आहे का, त्यात बिबडे-कुरडया वाळतात तशी गवार पण वाळते.

पण उरल्यावर काय करायचं यापेक्षा उरूच नये हे मला आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीने शिकवलं. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या हिशोबाने मुठीने मोजून घेतात, कारण तो प्रसाद घरच्यांनी, भावबंदकीनेच संपवायचा असतो, बाहेर द्यायचा नाही. गिऱ्हाईक बाहेर नाही म्हटल्यावर माप आपोआप काटेकोर होतं. मी रोजच्या तांदळाला तीच मूठ लावली आणि फ्रीजमधले ते तीन-तीन वाट्या भात गायब झाले.

सासूबाईंना हे अजिबात आवडत नाही. "पाव्हनासले काय मुठी मोजीसन वाढशी का?" असं एकदा सरळ विचारलं त्यांनी. त्यांचंही खरं आहे, आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढणाऱ्याचीच मान खाली जाते. म्हणून पाहुणे असले की मी वरण-बट्टी करते. कणकेच्या बट्ट्या भरपूर उकडून ठेवायच्या, ढीग बघून सासूबाई पण खूश, आणि कापून तळायच्या मात्र जेवणारा हात पुढे करेल तशा. न तळलेल्या उरतात त्या दुसऱ्या दिवशी चहाबरोबर तळते, आणि त्यावेळी आमच्या पोरांमध्ये जी भांडणं होतात ती बघता आता मी मुद्दाम चार जास्तच उकडते.