वस्तरा आणि सॅक्सोफोन

फोंडा, मंगळवार रात्र

आज परत 'जर्मफ्री ॲडोलेसन्ट्स' लावला. एक्स-रे स्पेक्स या लंडनच्या पंक, म्हणजे रांगड्या, बंडखोर रॉक बँडचा पहिला अल्बम, १९७८ सालचा. पाऊस पत्र्यावर थाडथाड वाजत होता, म्हणून आवाज वाढवायला आयतंच निमित्त.

गाणारी पॉली स्टायरिन. थर्माकोलच्या जातीचं हे नाव तिने स्वतःच घेतलेलं. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, दातांना तारा. एकोणिसाव्या वाढदिवशी सेक्स पिस्टल्स या पंक बँडला ऐकलं आणि हिने स्वतःचा बँड काढला. अल्बमात घोषणा शोधायला जाल तर फारशा सापडणार नाहीत. तिचं राजकारण दुकानापासून सुरू होतं: प्लास्टिकची पिशवी, जाहिराती, आरशात स्वतःला शोधणारी मुलगी. शीर्षकगीत म्हटलं तर प्रेमगीत, पण त्यातली माणसं जंतूंच्या धाकात, सारखी दात घासणारी. चार दिवस बाजूला बसलेल्या बाईचं ताटवाटी वेगळं ठेवणाऱ्या घरात मी वाढले. मला ते गाणं परकं वाटत नाही.

१९७७ चं 'ओ बॉन्डेज, अप युअर्स!' मूळ अल्बमात नाही, पण ते वाजवल्याशिवाय मी पुढे जातच नाही. मुलींनी दिसावं, ऐकू येऊ नये असं काहींना वाटतं, हे ती आधी अगदी शहाण्या मुलीसारखं सांगते. आणि मग जी किंचाळते! आमच्याकडे नाट्यगीत शिकताना एकच सूचना: गोड लाव. गळा जरा फाटला की गुरुजी पेटीचा भाता धरूनच बसायचे.

पण मी दर वेळी अडते ती तिच्या डोक्यापाशी. मला कोणी सेक्स सिम्बॉल करू बघितलं तर मी डोकं भादरून टाकीन, असं ती म्हणाली होती. १९७८ मध्ये खरंच भादरलं. आमच्या माजघरात पणजीचा फोटो आहे. विधवेचं आलवण, रिकामं कपाळ, पदर कानांमागे घट्ट ओढलेला. तिचे केस काढायला न्हावी मागच्या दारी आला होता आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला होता. ते वारं आमच्या मागच्या दारापर्यंत काही पोचलं नाही. ज्या वस्तऱ्याने पणजीला घरात कोंडलं, तोच ही पोर आपणहून उचलते, हे मला गाण्यांपेक्षाही जास्त हलवतं. तरी याचा झेंडा करायला जीव धजत नाही. त्याच वर्षी तिचं मन पार ढासळलं होतं, तिला इस्पितळात ठेवलं, निदानही चुकीचं झालं. बंड किती आणि दुखणं किती, कोण वेगळं काढणार?

मध्येच आत्या डोकावली. "किदें गो हें? कोण भांडता?" मग 'ओ बॉन्डेज'मधला सॅक्सोफोन लागला तशी चौकटीला टेकून उभी राहिली. लग्नाच्या वरातीतले बँडवाले ऐकत वाढलेली बाई ती, तिला दम कळतो. हे वाजवणारी लोरा लॉजिक तेव्हा शाळकरी पोर होती, म्हटलं तर पटेचना.

"पोरगी? इतका दम?"

मग म्हणाली, पुन्हा लाव, पण तिला जरा कमी ओरडायला सांग.