वायोमिंगच्या माळावर हातगाडी

मार्टिन्स कोव्ह सॉल्ट लेक सिटीपासून मोटारीने पाच-साडेपाच तासांवर आहे. शेवटच्या तासाभरात झाड म्हणून दिसत नाही. करड्या-हिरव्या सेजब्रशची गुडघाभर झुडपं, कुंपणापलीकडे चरणारी प्राँगहॉर्न हरणं, आणि वारा. ऐन उन्हाळ्यातही हा वारा तोंडात माती घालतोच. अशा माळावर माणसं मुद्दाम चालायला येतात, तीही लाकडी हातगाडी ओढत, हे मला यूटाला राहायला आल्यावर कळलं.

माझं माहेर सासवडचं. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून आमच्या गावी मुक्कामाला येते. लहानपणी आजीचा पदर धरून घाट चढले, कॉलेजात असताना पंढरपूरपर्यंत गेले. हे एकदा बोलता बोलता शेजारणीला सांगितलं. ती पाच पिढ्यांची मॉर्मन. म्हणाली, "मग तू आमच्याबरोबर चलच." त्यांच्याकडे साधारण दर चार वर्षांनी चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना असा 'ट्रेक' घडवतात. मी त्यांच्या धर्माची नाही, होणारही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण स्वयंपाकाच्या तुकडीत एक बाई कमी पडत होती, आणि तेवढं निमित्त तिला पुरलं.

आपल्याकडे मॉर्मन म्हटलं की बहुपत्नीत्वापलीकडे फारसं काही आठवत नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने हा पंथ काढला. मिसूरीतून त्यांना हाकललं, इलिनॉयमध्ये त्यांनी नॉवू शहर वसवलं, आणि 1844 मध्ये जमावाने तुरुंगात घुसून जोसेफला मारलं. फेब्रुवारी 1846 मध्ये मिसिसिपी ओलांडून लोक पश्चिमेला निघाले. 24 जुलै 1847 ला जोसेफनंतरचा त्यांचा पुढारी ब्रिगम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. ते खोरं रिकामं नव्हतं, शोशोनी आणि यूट या मूळनिवासी लोकांची ये-जा तिथे कधीची होती. ट्रेकमधल्या गोष्टींत हे फारसं येत नाही.

1869 मध्ये रेल्वे येईपर्यंत सत्तर हजारांच्या आसपास माणसं या वाटेने आली, बहुतेक बैलगाड्यांच्या तांड्यांतून. पण इंग्लंड-डेन्मार्ककडच्या गरीब मॉर्मनांना बैलगाडी परवडेना, म्हणून 1856 मध्ये हातगाडीची युक्ती निघाली. आयोवा सिटीपर्यंत रेल्वे, पुढचे दोन हजार किलोमीटर पायी. सामान माणशी सतरा पौंड, म्हणजे आठ किलोसुद्धा नाही. पीठ दिवसाला माणशी पौंडभर. 1860 पर्यंत असे दहा तांडे आले. त्यातले दोन, विली आणि मार्टिन यांचे, पहिल्याच वर्षी उशिरा निघाले. गाड्या ओल्या लाकडाच्या. कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं आणि चाकं खिळखिळी झाली. ऑगस्टमध्ये नेब्रास्कात लेव्हाय सॅव्हेज नावाच्या अनुभवी माणसाने सांगून पाहिलं की हिवाळा इथेच काढा, नाहीतर म्हातारे आणि पोरं वाटेत मरतील. त्याची श्रद्धा कमी पडते असं ठरवून त्याला गप्प केलं. तोही मग सगळ्यांबरोबर निघाला. 19 ऑक्टोबरला बर्फ सुरू झालं. दोन्ही तांडे मिळून हजारेक माणसं, त्यातली दोनशेहून अधिक गेली.

मार्टिन्स कोव्हवरचे स्वयंसेवक म्हणजे निवृत्त जोडपी, फार प्रेमळ माणसं, पण ते हे सगळं श्रद्धेची परीक्षा म्हणून सांगतात. मला ऐकताना हिशोब चुकलेला दिसत होता, आणि हिशोब करणाऱ्यांपैकी वरच्या कोणी गाडी ओढली नव्हती. शेजारणीला हे म्हटलं. ती म्हणाली, "माझी आजीही हेच म्हणायची, पण स्वयंपाकघरात."

ट्रेकची शिस्त मला मात्र चटकन कळली, दिंडीची सवय असल्यामुळे. आठ-दहा मुलांचं एक 'कुटुंब', त्याला एक जोडपं आई-बाप म्हणून नेमलेलं, कुटुंबाला एक गाडी, प्रत्येकाचं सामान एका प्लास्टिकच्या बादलीत. मुलींना घोळदार परकर आणि कपाळावर पुढे आलेली टोपी, ज्याला ते बॉनेट म्हणतात. मुलांना गॅलिस. आमच्या तुकडीत पहाटे उठणं, चूल, भांडी, पाणी, सगळं ओळखीचं. फक्त चहा नाही! त्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य. वारीत कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी बळेच चहाचा कप हातात देतं, आणि इथे पहाटेच्या थंडीत गरम कोको. 1856 च्या बायकांना हा नियम आजइतका कडक नव्हता, हे कळल्यावर तर मला जास्तच राग आला.

पहिला अर्धा तास गाडी ओढणं गंमत वाटते. दोघी-तिघी आडव्या दांडीच्या आत, दांडी पोटाशी धरून रेटायचं, बाकीच्यांनी मागून ढकलायचं. मग वाळू लागते आणि चाक रुततं. उतार तर चढापेक्षा वाईट, गाडी अंगावर येते. परकर सारखा पायात आणि चाकात अडकतो. दुपारपर्यंत मुलींनी परकर कमरेला खोचले आणि कुणाचीही परवानगी विचारली नाही.

त्या परकरांचं काय व्हायचं, ते पेशन्स लोडरने लिहून ठेवलंय. इंग्लंडमधल्या माळ्याची ही मुलगी मार्टिनच्या तांड्यात आई-वडील आणि बहिणींबरोबर होती. नदी उतरून वर आलं की ओले कपडे अंगावरच गोठायचे आणि तसंच चालायचं. वडील वाटेत गेले. एका सकाळी मुली गारठून उठायलाच तयार होईनात, तेव्हा आई, एमी लोडर, म्हणाली की आता तुमच्यासाठी मला नाचावं लागणार, आणि खरंच नाचायला लागली. मुली हसल्या, उठल्या. साऱ्या तांड्याच्या दुःखात मला ही बाई सर्वात जवळची वाटली. आमच्या दिंडीतही एक म्हातारी होती; पाय सुजले की ती फुगडी घालायची.

रात्री शेकोटीपाशी शेजारणीने एलिझाबेथ जॅक्सनच्या आठवणी वाचल्या. प्लॅट नदी शेवटची ओलांडली त्यानंतरच्या एका रात्री तिला मध्यरात्री जाग आली. शेजारी नवऱ्याचा, आरनचा, श्वास ऐकू येईना. हात लावला तर गार. तिने हाक मारली, पण उठून यायची ताकद कुणात नव्हती. उजाडेपर्यंत ती प्रेताशेजारी पडून राहिली. जमीन गोठलेली, खड्डा खणता येईना, म्हणून आरनला पांघरुणात गुंडाळून इतर प्रेतांबरोबर बर्फात ठेवलं. पदरात तीन मुलं. सकाळी गाडी पुन्हा ओढायची होतीच.

या तांड्यांमध्ये मेलेल्यांत पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त होते, त्यामुळे वाटेत गाड्या बायकांच्या हाती येत गेल्या. त्याची आठवण म्हणून ट्रेकमध्ये एका चढावर मुलग्यांना बाजूला काढतात आणि गाड्या फक्त बायका ओढतात. दहा वर्षं आधी, 1846 मध्ये, मेक्सिकोच्या लढाईसाठी पाचशेच्या आसपास पुरुष मॉर्मन बटालियनमध्ये गेले होते, तोही दाखला देतात. मुलगे दोन्हीकडे रांगेत उभे राहतात, टोप्या काढून, गप्प. मदत करायची नाही, असा हुकूम. चढ फार उंच नव्हता, पण दगडगोट्यांचा होता. अर्ध्यात आमची गाडी मागे सरकली. मी टाच रोवून दांडी छातीवर घेतली, शेजारची सोळा वर्षांची मुलगी "पुश, पुश" ओरडायला लागली. बाजूला तिचा भाऊ उभा होता, तो रडत होता. वर पोचल्यावर सगळे मिठ्या मारून रडले, मीही रडले, खोटं कशाला सांगू. पण ती मुलगी डोळे पुसून म्हणाली, "तो रडण्यापेक्षा ढकलत का नव्हता?" कुणी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, आख्ख्या ट्रेकमधला तो सर्वात चांगला प्रश्न होता.

कोव्ह म्हणजे ग्रॅनाइटच्या टेकड्यांच्या कुशीतली खोबण. गाड्या खाली ठेवून वर पायी जायचं. मार्टिनचा तांडा नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे आडोशाला आला. पीठ तोवर पाव पौंडावर आलं होतं आणि सॉल्ट लेकहून मदतीला आलेल्यांनी उणे 24 अंश सेल्सियसच्या आसपास थंडी नोंदवून ठेवली आहे. इथे यायला स्वीटवॉटर नदी ओलांडावी लागली. बर्फाचे तुकडे वाहत होते, आणि सुटकेला आलेल्या तरुणांनी माणसं पाठीवर घेऊन पार केली. वर्षानुवर्षं सांगत आले की तीन अठरा वर्षांची पोरं होती आणि त्या गारठ्याने पुढे तिघंही मेली. नंतर अभ्यासकांनी दाखवलं की उचलणारे बरेच होते आणि त्या तिघांपैकी प्रत्येक जण पुढे कितीतरी वर्षं जगला. तरी जुनी गोष्ट सांगणारे अजून भेटतात.

सॉल्ट लेकला बातमी कळली ती ऑक्टोबरमध्ये. ब्रिगम यंगने सभेत मदत मागितली, तेव्हा बायकांनी तिथेच आपले आतले परकर, मोजे काढून दिले, असं ल्यूसी मेझर्व्ह स्मिथने लिहिलंय.

एल्सी नील्सनची गोष्ट मात्र ट्रेकमध्ये सगळ्यांची लाडकी. डेन्मार्कची, अंगाने लहानखुरी, विलीच्या तांड्यातली. रॉकी रिजच्या चढावर नवरा येन्सचे पाय गोठले. मला सोडून पुढे जा, असं तो म्हणाला. तिने त्याला गाडीत घातलं आणि ओढत नेलं. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा तिथेच गेला, आणि त्यांच्या भरवशावर पाठवलेली बोडिल मॉर्टेन्सन नावाची लहान मुलगीही. गोष्ट इथे थांबवतात. पुढे येन्सने आणखी दोन लग्नं केली, हे मला शेजारणीने सांगितलं, आणि तेही मोटारीत परतताना. त्यावर ती इतकंच म्हणाली की एल्सीने याबद्दल काय म्हटलं हे कुणी विचारलं असेल असं तिला वाटत नाही.

नेली पुसेलचंही तसंच. मार्टिनच्या तांड्यात आई आणि वडील दोघंही गेले तेव्हा ती दहाचीही झाली होती की नाही. पाय गोठले, आणि पुढे भूल न देता ते गुडघ्याखाली कापले. सीडर सिटीत तिचं विल्यम अन्थँकशी लग्न झालं, दुसरी बायको म्हणून. सहा मुलं झाली. ती आयुष्यभर गुडघ्यांवर चालली, लोकांचे कपडे धुतले, विणकाम विकलं. चर्चकडून मिळणाऱ्या मदतीची फेड म्हणून ती वर्षातून एकदा मुलांना घेऊन त्यांचं सभागृह घासून काढायची. तिचा पुतळा आहे आता.

जेन मॅनिंग जेम्सचं नाव आमच्या ट्रेकमध्ये निघालंच नाही. कनेटिकटमधली ही स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. 1843 मध्ये बफेलोला बोटीवर घेतलं नाही म्हणून घरच्यांसह हजार किलोमीटरहून जास्त चालत नॉवूला गेली. बूट झिजले, पाय फुटले, रक्ताचे ठसे उमटले, हे तिनेच सांगितलंय. 1847 मध्येच ती सॉल्ट लेकला पोचली. मंदिरातले विधी मिळावेत म्हणून पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली, आणि वर्णामुळे नकार घेत 1908 मध्ये वारली. चर्चने ती बंदी उठवली 1978 मध्ये.

परतल्यावर एका संध्याकाळी शेजारणीच्या स्वयंपाकघरात आमचं भांडण झालं म्हणावं इतकं बोलणं झालं. तिची खापरपणजी तिसरी बायको होती. मी म्हटलं, हे सहन कसं केलं? ती म्हणाली, सहन केलं त्यांनीही, आणि हौसेने बाजू घेतली त्यांनीही. शिवाय 1870 मध्ये यूटाच्या बायकांना मताचा हक्क होता. फेब्रुवारीत सेराफ यंग नावाच्या शिक्षिकेने मत टाकलंही. बहुपत्नीत्व मोडायला म्हणून वॉशिंग्टनने 1887 मध्ये तो हक्क काढून घेतला, आणि 1896 मध्ये राज्य झाल्यावर तो परत आला. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आली. त्या निवडणुकीत तिचा नवरा विरुद्ध पक्षाकडून उभा होता आणि पडला. ही चौथी बायको होती, आणि डॉक्टर.

डॉक्टर म्हटल्यावर शेजारणीने एलिस शिपचं नाव काढलं. सवतींच्या मदतीवर मुलं घरी ठेवून फिलाडेल्फियाला गेली, शिकता शिकता तिथे एका मुलीला जन्म दिला, 1878 मध्ये पदवी घेतली आणि सॉल्ट लेकला शेकडो सुइणी तयार केल्या. मी विचारलं, कॉलेज कोणतं? विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. आमच्या आनंदीबाई जोशींचं! त्या 1886 मध्ये तिथूनच डॉक्टर झाल्या. शेजारणीने आनंदीबाईंचं नाव ऐकलं नव्हतं, मी शिपचं. आनंदीबाई परतल्यावर काही महिन्यांत, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी पुण्यात गेल्या. शिप 92 वर्षं जगली.

पुढच्या ट्रेकमध्ये शेकोटीपाशी एलिस शिपची गोष्ट शेजारीण सांगणार आहे आणि आनंदीबाईंची मी. जेनची कुणी सांगायची यावर बोलणं चालू आहे. बायकांच्या चढावर मुलग्यांनी टोप्या काढून उभं राहण्याऐवजी गाडीला हात लावावा, ही माझी सूचना मात्र तिने अजून मान्य केलेली नाही.