समुद्र बंद, शाळा भरलेली

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा असं पत्र आलं. छडीचे, चिंचाआवळ्यांचे आणि गॅदरिंगचे किस्से बाकीचे लिहितीलच, मी आपली शाळा चालायची कशी तेवढं लिहितो. मालवणसारख्या बंदराच्या गावात, भाड्याच्या चिरेबंदी घरात भरणारी खासगी शाळा, बिगरी ते चौथी. काळ साधारण १९६० च्या आसपासचा. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ साली. नव्या पिढीला बिगरी म्हणजे काय ते सांगावं लागतं. पहिलीत बसण्याआधी पोराला बसायची, ऐकायची आणि बोट फिरवायची सवय लावणारा वर्ग म्हणजे बिगरी. आताच्या केजीची आजी म्हणा, फक्त गणवेश आणि डबा सोडून.

भिंतीवर वेळापत्रक टांगलेलं असायचं. त्याला कोणी विचारत नसे, कारण वर्षाचं खरं वेळापत्रक पाऊस आणि मासा ठरवायचे. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, बंद. त्यामुळे गाबीतवाड्यांतली, म्हणजे मच्छीमारांच्या वस्त्यांतली, मुलं रोज हजर. पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ दिला की हजेरीपटात भोकं पडायला सुरुवात. दसऱ्यानंतर रापणीला बांगडा लागला की सकाळची हजेरी निम्म्यावर यायची. रापणीचा दोर ओढायला हात कितीही असले तरी कमीच, आणि ओढणारा आठ वर्षांचा का असेना, त्याच्या वाट्याला चार मासे येतातच. यावर छडी चालत नाही हे आपल्या बाईंना आणि गुरुजींना नीट कळलेलं होतं. जे चुकून चालणार नाही ते सगळं जून ते ऑगस्टमध्ये पदरात पाडून घ्यायचं, असा त्यांचा हिशोब.

पण त्यातही एक मेख होती. पोरं भरलेली असत नेमकी तेव्हाच लिहिता येत नसे.

पश्चिमेच्या पडवीला मे अखेर चुडतांची झड, म्हणजे पाऊस अडवणारा पडदा, बांधायचे. नारळाच्या झावळ्या मधल्या दांड्यावर उभ्या चिरायच्या, पाण्यात दोन-चार दिवस भिजवायच्या आणि मग विणायच्या. सुक्या विणल्या तर पाती मोडतात. बांधताना पात्यांची टोकं खाली हवीत, नाहीतर पाणी त्यांच्यावरूनच आत उतरतं. झड चांगली झाली की पाऊस अडायचा आणि त्याबरोबर उजेडही अडायचा. भर दुपारी फळ्यावरचं अक्षर तिसऱ्या रांगेतून दिसत नसे.

दगडी पाटीचा वेगळाच घोळ. ओल्या पाटीवर पेन्सिलीची रेघ उमटते, पण पाटी सुकेपर्यंत ती दिसत नाही. आषाढात पाटी सुकतच नाही. मूल तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवतं, शेवटी पाटी सुकते तेव्हा एका 'ग'चे चार 'ग' झालेले असतात. म्हणून पावसाळाभर सगळी तोंडी कामं: पाढे, पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्ध्या आणि दीडचे पाढे), कविता, महिने, नक्षत्रं. लिखाण दसऱ्याच्या पाटीपूजनानंतर जोरात. त्या दिवशी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची ती नुसती पूजा नव्हती. पाटी आता सुकते आहे याची ती वर्दीच होती.

शाळेची खरेदी एप्रिलमध्येच उरकावी लागे. मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची, माल पडावातून धक्क्याला यायचा, आणि पावसाच्या तोंडावर बोटी बंद व्हायच्या. त्यानंतर एखादी वस्तू कमी पडली तर घाटमाथ्यावरून एसटीने मागवा आणि जास्तीचं भाडं भरा. पाट्या गवतात बांधून येत. चौकटीच्या पाट्या एकमेकींवर आडव्या रचल्या की तळातल्या तडकत, उभ्या रचल्या की वाचत. पत्र्याच्या पाट्या स्वस्त म्हणून काही पालक घेत. खाऱ्या हवेत रंगाखाली गंज फुगायचा आणि वर्षभरात पाटी कुष्ठी झाल्यासारखी दिसायची. दगडीलाच तोड नव्हती, पण तिची चौकट पाहावी लागे. पावसात लाकूड फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आक्रसतं, कोपऱ्यातले खिळे गंजलेले असतातच, आणि दगड चौकटीत खुळखुळायला लागतो. मग एक दिवस निसटतो. उपाय सोपा: सुपारीच्या विरीची पातळ चकती खाचेत सरकवायची आणि चारही कोपरे काथ्याने आवळायचे.

खडूंचा डबा शेजारच्या घरमालकीणबाईंच्या चुलीवरच्या फळीवर असायचा. दमट खडू फळ्यावर घसरतो आणि मोडतो. धूर लागून खडू पिवळट व्हायचे, पण लिहायचे.

आता बिगरीकडे येतो, कारण शाळेची खरी अक्कल तिथे दिसायची. पोराच्या हाती पाटी यायच्या आधी धूळपाटी. हातभर लांबीचं लाकडी तबक, कडा अर्ध्या इंचाच्या, आत वाळू. किनाऱ्यावर वाळूला तोटा नाही, म्हणून कोणीतरी उत्साही पालक सरळ घमेलं भरून आणून द्यायचा, आणि ती वाळू हटकून बिघडायची. तिच्यात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे वाळू बोटाला चिकटते आणि अक्षराच्या कडा गोळ्या-गोळ्यांच्या होतात. विहिरीच्या पाण्यात तीनदा धुवायची, चिमूट जिभेवर टाकून खारटपणा गेला का पाहायचा, उन्हात दोन दिवस पसरायची, चाळायची. तबकात थर किती? बोटाचं नख बुडेल इतका. जास्त झाला तर अक्षराची भिंत ढासळते, कमी झाला तर बोट लाकडावर घासतं आणि मूल रडतं. अक्षरांचा क्रम क-ख-ग असा नव्हता, वळणाने होता: ग, म, भ, न. 'ग' आला की त्याला एक आडवी जोडून 'म'च्या वाटेला लागता येतं, 'म'वरून 'भ' फार लांब नाही. 'ळ' आणि 'ण' पार शेवटी.

मोजायला शिंपले. चिंचोके दोन वर्षं वापरून पाहिले गेले, पण पोरं ते भाजून खातात आणि उरलेल्यांना भुंगा लागतो. तिसऱ्या म्हणजे आपल्याकडे खातात ती शिंपल्यांची एक जात, त्यांचे शिंपले बरे: आकाराने सारखे, एकावर एक बसतात, आणि ज्या गावात आठवड्यातून दोनदा तिसऱ्यांचं सुकं होतं तिथे फुकट. खुब्यांचे शिंपले दिसायला देखणे, पण गोल असल्याने घरंगळतात. आणलेले शिंपले आधी उकळायचे, सांध्यातला मांसाचा तुसा खरवडून काढायचा आणि निदान चार दिवस कडक उन्हात ठेवायचे. एवढं केलं नाही तर तिसऱ्या दिवशी वर्गात बसवत नाही. फुटक्या कडेने बोट कापतं, म्हणून प्रत्येकाची कड चिऱ्यावर घासून बोथट करायची. भोक पाडायला खिळा वापरला तर शिंपला दुभंगतो. त्याची युक्ती अशी: दोन्ही शकलं जिथे जोडलेली असतात तिथे पाठीवर एक उंचवटा असतो. तो उंचवटा दगडावर घासत राहायचं. पाचेक मिनिटांत तिथलं कवच झिजून आपोआप बारीक भोक पडतं, तडा न जाता. मग काथ्याच्या सुंभात दहा-दहा ओवून गाठ मारायची. दहाचा एक सर. सर म्हणजे दशक, सुटा शिंपला म्हणजे एकक. सदतीस मागितले की मूल तीन सर आणि सात सुटे आणून ठेवायचं. 'हातचा' हा शब्द दुसरीत आला तेव्हा कोणाला समजावावा लागला नाही. सर सोडून त्याचे दहा सुटे करण्याचं काम बिगरीत शंभर वेळा झालेलं असायचं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, बोर्डीला, १९४५ पासून बालवाडीत असंच आसपासचं फुकट सामान साधन म्हणून वापरलं. आपल्या बाईंनी तिथलं काही वाचलं होतं, की गरजेपोटी तेच सुचलं, ते त्याच जाणोत.

सगळ्यात अवघड काम भाषेचं. पोरं बोलायची मालवणी आणि पुस्तक होतं पुण्याच्या वळणाचं. चुका मात्र अगदी शिस्तीत व्हायच्या. मालवणीत पुल्लिंगी शब्द 'ओ'वर संपतो: घोडो, आंबो, बांगडो. शुद्धलेखनात हमखास तसंच. 'घराला' ऐवजी 'घराक', 'शाळेला' ऐवजी 'शाळेक'. 'केळे'चं 'केळां'. याला चूक म्हणून लाल रेघ मारली की पोर तोंड मिटतं, आणि तोंडी कामावर चाललेल्या शाळेत ते परवडत नाही. म्हणून जोड्या म्हणून घ्यायच्या: घरात घोडो, पुस्तकात घोडा, घरात आंबो, पुस्तकात आंबा. दोन्ही बरोबर, जागा वेगळी. महिनाभराने याचा एक ठरलेला दुष्परिणाम दिसायचा. पोरं जोमात येऊन 'फोटो'चाही 'फोटा' करायची. तो आपोआप बरा होतो, त्याला औषध देऊ नये.

तपासणी जवळ आली की फळा काळा करायचा. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या, तपासणीला येणाऱ्यांची पदनावं बदलली, गावाच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'दिपोटी', म्हणजे डेप्युटी. कोळसा कुटून कपड्यातून गाळायचा, माक्याच्या पाल्याच्या रसात कालवायचा आणि फडक्याने दोन हात द्यायचे. पहिला पुरता सुकल्याशिवाय दुसरा दिला तर पोपडे निघतात. बाईंनी "माका आणा रे" म्हटलं की वर्ग खिदळायचा, कारण मालवणीत 'माका' म्हणजे 'मला'.

तिसरी-चौथीला आणे-पैशांचं गणित हा एक छळ होता. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, पण बाजार नंतरही बराच काळ आण्यांत बोलायचा. एक आणा म्हणजे हिशोबाने सव्वासहा, पण धरायचे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. म्हणजे एकेक आणा तीनदा दिला तर १८ आणि तीन आणे एकदम दिले तर १९. सव्वासहाचा पाव कुठे जातो, हे विचारणारं पोर गणितात पुढे जायचं. न विचारणारं दुकानात.

जमीन शेणाची. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सारवण, म्हणजे सोमवारपर्यंत सुकते. शेण ताजं हवं, पाणी आंबिलीइतकं पातळ होईल एवढंच. पातळ झालं तर धूळ राहते, घट्ट झालं तर सुकताना भेगा पडून पापुद्रे उचलतात आणि बस्करांना चिकटून घरी जातात. सुरुवात आतल्या कोपऱ्यातून, हात अर्धगोलात, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर चार बोटं चढलेला, आणि मागे सरकत दाराशी यायचं. दरवर्षी एखादा शहाणा दारापासून सुरुवात करून कोपऱ्यात अडकायचाच. श्रावणात सारवण बंद, कारण सुकत नाही आणि वास धरतं. चतुर्थीला घरमालकांचा गणपती ओटीवर बसायचा, तेवढे दिवस शाळेला सुट्टी. आणि गणपतीआधीचं सारवण घरमालकीणबाई स्वतः करायच्या. आमच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नसणं योग्यच होतं.

महोत्सवाच्या प्रदर्शनात जुन्या पाट्या मांडणार असल्याचं कळलं. ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी जरूर आणाव्यात, पण चकाकी यावी म्हणून खोबरेल लावू नये. तेल प्यायलेल्या दगडावर पेन्सिल घसरते, अक्षर उमटतच नाही. लावलंच असेल तर बारीक राख चोळून धुवा आणि सावलीत सुकवा. शिंपल्यांचे सर कोणाकडे असतील तर गाठी तपासून आणा. काथ्या आतून कुजलेला असतो.