तंत्रज्ञाची मधली जागा

अभियंता आराखडा काढतो, कामगार यंत्र चालवतो. या दोघांना जोडणारी जागा अभियांत्रिकी तंत्रज्ञाची असते आणि ती भरणारी जाणती माणसे सहजासहजी मिळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. प्रशिक्षणात पहिला महिनाभर मी केवळ मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजण्याचे स्क्रूचे उपकरण, हाताळला. त्याच्या टोकाची दाब मर्यादित ठेवणारी फिरकी (रॅचेट) टकटक वाजताच थांबायचे, स्क्रू जोर लावून आवळायचा नाही, नाहीतर 0.01 मिलिमीटरपर्यंतचे माप फसवे ठरते. (कंटाळा आला होता, हे कबूल करतो.) पुढे पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारा औद्योगिक संगणक) आणि सेन्सरमधील बिघाड शोधताना तीच शिस्त कामी आली. 2002 च्या डब्लिन या आंतरराष्ट्रीय करारानुसार सदस्य संस्थांनी प्रमाणित केलेले तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम परस्परांना समकक्ष मानले जातात. म्हणून परदेशी नोकरीचा विचार असेल, तर आपला अभ्यासक्रम असा प्रमाणित आहे का, हे प्रवेशापूर्वीच तपासून घ्यावे.