कोबी घसरला

२६ जानेवारीला छापील अंकाची सुट्टी असते, २७ला पेपर निघत नाही. वेबसाइटला कसली सुट्टी! २०२० साली त्या दिवशी डेस्कवर आम्ही दोघंच होतो आणि मी डबल शिफ्ट ओढत होतो. दुपार संचलनाच्या फोटोंत आणि ऑकलंडच्या टी-ट्वेंटीत गेली. न्यूझीलंडला सात गडी राखून हरवलेलं, मग दुसरा खेळ वाचणार कोण?

तरी एजन्सीची एक बातमी उघडून ठेवली होती. लेब्रॉन जेम्सने फिलाडेल्फियात कोबी ब्रायंटचे ३३,६४३ गुण ओलांडले, त्यामुळे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या सर्वाधिक गुणांच्या सर्वकालीन यादीत ब्रायंट तिसऱ्यावरून चौथा. शेजारचा म्हणाला, "वाशी मार्केटची बातमी का रे?" मीही हेडिंगच्या चौकटीत 'कोबी घसरला' टाइप केलं. दोघं हसलो, कॉपी सेव्ह करून होल्डला टाकली.

रात्री एकच्या सुमारास पहिली खबर आली, तीही एका करमणुकीच्या साइटवरून. लॉस एंजलिसजवळ कॅलाबासासच्या टेकड्यांत धुक्यात हेलिकॉप्टर कोसळलं, आत ब्रायंट. एजन्सीने दुजोरा देईपर्यंत थांबलो. मृतांचा आकडा आधी पाच आला, पहाटे नऊ झाला. त्यात त्याची तेरा वर्षांची मुलगी जियानाही होती.

आकडे तयार होते म्हणून दुपारचीच कॉपी उघडली आणि खाली लिहीत गेलो. हायस्कूलमधून थेट एनबीए, १९९६. वीस हंगाम, सगळे लॉस एंजलिसच्या लेकर्स संघाकडून. पाच विजेतेपदं. टोरांटोविरुद्ध एका सामन्यात ८१ गुण. २०१६च्या शेवटच्या सामन्यात ६०, पण त्यासाठी पन्नास वेळा बास्केटकडे बॉल फेकलेला. तो पास देत नाही अशी ओरड कायम होती आणि ती खोटी नव्हती. मला मात्र २०१३ आठवत होतं. टाचेमागची अकिलीस शीर तुटलेली, तरी हा लंगडत फ्री थ्रोच्या रेषेवर आला, दोन्ही टाकले आणि मगच आत गेला. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर साधा पाय मुरगळला तरी मी आठवडाभर घरी बसायचो.

सिनियरना फोन लावला. २००३मधल्या कोलोरॅडोतल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपाचं काय करायचं? "आज नको," ते म्हणाले. मी दोन वाक्यं ठेवली: तरुणीने साक्ष द्यायला नकार दिल्यावर खटला मागे घेतला गेला, दिवाणी दावा तडजोडीने मिटला. बोलणी खाल्ली, पण वाक्यं राहिली.

पब्लिशवर बोट ठेवताना नजर वर गेली. हेडिंगच्या चौकटीत अजून 'कोबी घसरला'! हातापायांतलं बळच गेलं. घाईघाईने 'बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचा अपघाती मृत्यू' केलं आणि बातमी सोडली.

सकाळी एका वाचकाने लिंकचा स्क्रीनशॉट पाठवला. आमच्या सिस्टीममध्ये पहिल्यांदा सेव्ह करतानाच्या हेडिंगवरून लिंक बनते, नंतर हेडिंग बदललं तरी ती तीच राहते. तोवर बातमी व्हॉट्सअॅपवर गावभर फिरली होती, लिंक बदलली असती तर कुठेच उघडली नसती. दुपारच्या मीटिंगमध्ये कोणी ओरडलं नाही, ते जास्त लागलं.

एप्रिलमध्ये बास्केटबॉलमधल्या दिग्गजांचा मान असलेल्या हॉल ऑफ फेमच्या यादीत त्याचं नाव जाहीर झालं. ती बातमी मीच केली. खाली 'हेही वाचा'मध्ये सिस्टीमने आपसूक एक जुनी लिंक जोडली होती.