दोन प्रतींचा पहिला तास

न्यू जर्सीतल्या शाळा बहुतेक लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, झाला की सुरू होतात. मी इथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये बारावीला एपी लिटरेचर शिकवते. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास शाळेतच करायचा, मे महिन्यात सगळ्या देशाची एकच परीक्षा द्यायची. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. ४ किंवा ५ मिळाले तर बरीच कॉलेजं त्याचं क्रेडिट देतात, म्हणजे पदवीसाठी तेवढा अभ्यास झाला असं धरतात. या वर्गात येणारी मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, आणि सप्टेंबरात कॉलेजच्या अर्जांनी बेजार झालेली असतात. काही अर्जांची मुदत १ नोव्हेंबरला संपते.

कविता हातात पडली की या मुलांना आधी तिचा अर्थ हवा असतो. ओळी नंतर. मला ही सवय परकी नाही. सोलापूरच्या शाळेत आम्ही रसग्रहण असंच लिहायचो: मध्यवर्ती कल्पना, भाषिक सौंदर्य, कविता आवडण्याचं कारण. सगळं गाइडमधून, कविता धड न वाचता. आता गाइडची जागा फोनने घेतली आहे. कवीचं नाव टाकलं की अर्थ हजर होतो.

म्हणून या वर्षी पहिल्या तासाला कवीचं नाव द्यायचंच नाही असं ठरवलं. हजेरी झाली, अभ्यासक्रमाची पानं आईवडिलांच्या सहीसाठी वाटली, फोन भिंतीवरच्या कप्प्यांत गेले. मग खिडकीकडच्या रांगांना एक कागद दिला आणि दाराकडच्या रांगांना दुसरा. दोन्हीकडे एकच कविता, असंच मुलं समजली. मीही काही बोलले नाही. म्हटलं, दहा मिनिटं फक्त वाचा. समासात जे सुचेल ते लिहा, पण 'ही कविता अमुक गोष्टीचं प्रतीक आहे' असं वाक्य आज नको.

कविता अशी. एका बाईला मरणासाठी थांबायला सवड नव्हती, म्हणून मरणच तिच्यासाठी थांबलं. गाडी घेऊन आलं, अदबीने. दोघं निघाली, सोबत अमरत्व. वाटेत शाळा लागली, धान्याची शेतं लागली, मावळतीचा सूर्य लागला. मग गाडी एका घरापाशी थांबली. घर म्हणजे जमिनीचा उंचवटा, छप्पर जेमतेम दिसणारं. त्याला आता शतकं लोटली आहेत.

मी एकच प्रश्न विचारला: गाडी हाकणारा हा माणूस तुम्हाला कसा वाटला?

खिडकीकडून पटापट हात वर आले. सभ्य आहे, घाई करत नाही, बाईला त्याची भीती वाटत नाही. एकीने फार छान सांगितलं की आजारी आजोबांना डॉक्टरकडे नेताना तिचे बाबा अशीच हळू गाडी चालवायचे. दाराकडची मुलं मात्र चुळबुळ करत होती. एक मुलगा म्हणाला, "सभ्य कसला? तिला कुडकुडत नेतोय तो." खिडकीवाल्यांना कळेना की थंडी आली कुठून. "तू नीट वाचलंस का?" "तू नीट वाचलंस का?" दोन्ही बाजू खरोखर चिडल्या. दोघांनाही वाटत होतं की समोरचे उन्हाळ्याच्या सुट्टीतून अजून जागे झालेले नाहीत. मी मध्ये पडले नाही. मग तो मुलगा उभा राहिला आणि त्याने चौथं कडवं मोठ्याने वाचलं.

खिडकीकडची एक मुलगी कागद उलटसुलट करून म्हणाली, "हे माझ्याकडे नाहीच."

वर्गात एकच गलका झाला. मुलं जागा सोडून कागद शेजारी शेजारी लावू लागली. एकीकडे पाच कडवी, दुसरीकडे सहा. एकीकडे 'रथ' अशा अर्थाचं शीर्षक, दुसरीकडे शीर्षकच नाही. एका कागदावर शाळेची मुलं खेळतात, दुसऱ्यावर ती झटतात. एकीकडे नेटके स्वल्पविराम, दुसरीकडे ओळीओळीत आडव्या रेघा. दहा मिनिटांत जेवढे फरक त्यांनी शोधले, तेवढे मी तासभर बोलून दाखवू शकले नसते.

त्या चौथ्या कडव्यात बाई स्वतःचं बोलणं दुरुस्त करते. आधी म्हणाली, आम्ही सूर्याला ओलांडून गेलो. आता म्हणते, छे, उलट तोच आम्हाला ओलांडून गेला. दव पडतं, अंगावर काटा येतो, कारण तिच्या अंगात फक्त झिरझिरीत झगा आहे आणि खांद्यावर जाळीदार कापड. एक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "तिला कुठे जायचंय ते माहीतच नव्हतं. माहीत असतं तर अशा कपड्यांत निघाली नसती." तिच्या शेजारचीने लगेच जोडलं, की असे कपडे माणूस लग्नाला घालतो. आमच्या डिबेटच्या संघातला एक मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आम्हाला शिकवतात की बोललेलं कधी मागे घ्यायचं नाही. ही सगळ्यांसमोर मागे घेते. म्हणजे ती आत्ता, बोलता बोलता विचार करतेय."

कवितेबद्दल यापेक्षा खरं वाक्य मी वर्षभरात क्वचितच ऐकते.

एवढं झाल्यावर नाव सांगितलं. एमिली डिकिन्सन, ॲमहर्स्ट, मॅसॅच्युसेट्स. १८८६ साली वारली तेव्हा तिच्या जवळजवळ अठराशे कवितांपैकी जेमतेम दहाएक छापल्या गेल्या होत्या, त्याही निनावी. कितीतरी कविता तिने स्वतः दोऱ्याने शिवलेल्या चाळीस वह्यांत होत्या. बहिणीला त्या सापडल्या, आणि मेबल लूमिस टॉड व थॉमस हिगिन्सन यांनी १८९० साली पहिलं पुस्तक काढलं. त्यात या कवितेला शीर्षक मिळालं आणि चौथं कडवं गेलं. मूळ हस्तलिखिताला धरून कविता वाचकांपुढे यायला थॉमस जॉन्सनची १९५५ची आवृत्ती यावी लागली.

मुलं संतापली. "त्यांना अधिकार काय?" हा राग मला मोलाचा वाटतो, पण तो तसाच सोडणं मला पटत नाही. टॉडबाईंनी शेकडो कविता त्या अवघड अक्षरातून उतरवून काढल्या. ते कष्ट झाले नसते तर भांडायला आपल्यापुढे कविता असती का, ते विचार करून सांगा, असं मी म्हटलं. आणि मग नाथांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवलं नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, आणि बजावलं की यात कुणी स्वतःची ओवी घालेल तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी, हे सांगितल्यावर डिबेटवाल्या मुलाने विचारलं, "पण शुद्ध पाठ कोणता ते त्यांनी कशावरून ठरवलं?" प्रश्न बिनतोड होता. मी तो फळ्यावर लिहिला.

वर्गातली सर्वांत गुणवान म्हणून ओळखली जाणारी मुलगी शेवटी म्हणाली, "परीक्षेत यातली कोणती येईल?" काही जण हसले. मी तिला गंभीरपणे उत्तर दिलं, कारण तिची काळजी खरी आहे. तिच्या घरच्यांना कॉलेजचा एकेक क्रेडिट मोजावा लागतो. सांगितलं की मे महिन्यात दोन तासांत तीन निबंध लिहायचे आहेत, त्यातला एक कवितेवर. कविता बहुधा तू कधी न पाहिलेली असेल. तेव्हा हातात फक्त कागद असेल, आणि आज तू कागदावरून पंधरा गोष्टी शोधल्यास. तिने समासात काय लिहिलंय ते मी पाहिलं: 'तिला थंडी वाजते हे काढून टाकलं, तर मरण चांगलं दिसतं.' त्याखाली रेघ मारून सांगितलं, तुझ्या पहिल्या निबंधाचं विधान हेच. आता हे ओळींवरून सिद्ध कर.

दुसऱ्या दिवशी दोघं जण डिकिन्सनच्या हस्तलिखितांची छायाचित्रं छापून घेऊन आले. ती आता इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहेत. त्यांचं भांडण असं, की तिच्या अक्षरातल्या त्या रेघा एकसारख्या नाहीत. काही वर चढतात, काही खाली उतरतात, मग छापताना सगळ्यांची एकच आडवी रेघ का? अर्धा तास त्यातच गेला. योजनेप्रमाणे त्या दिवशी कादंबरी सुरू व्हायची होती. ती मी सोमवारवर ढकलली.